चार ओळींचा होकार

नाही. आधी ते बोट उचल. 'नाय'च्या बटणावरचं. तुला वाटतंय तू मोठी समंजस, सगळं नीट वाचून मग ठरवणार. काय ठरवणार? ठरून झालंय. आणि मी कोण असं विचारू नकोस, वैताग येतो. काल सकाळपर्यंत तू मला ओळखत होतीस. आता ओळखत नाहीस, आणि ही तुझी चूक नाही. तुझी चूक नाही असं मी तुझ्याबद्दल पहिल्यांदाच म्हणतेय, जपून ठेव. खाली जिथे कंसात मोकळी जागा दिसेल तिथे माझं नाव होतं. वाच. मधे बोलू नकोस.

# ६ जानेवारी, सोमवार

पोचले एकदाची! बांद्याहून गणपतची सिक्स सीटर, सहाच्या जागी अकरा माणसं, माझ्या मांडीवर कोणाच्या तरी सुक्या बांगड्यांची पिशवी. पण रस्त्याला काजू मोहरलेत, खाडी चमकतेय, आणि ऑफिसला चक्क खिडकी आहे. पुण्याच्या कंपनीत खिडकी फक्त मॅनेजरला होती. त्याच कंपनीने डिसेंबरात आम्हा सतरा जणांना एका ईमेलमधे हाकललं. तेव्हा आरोंदा तर आरोंदा. तीन महिने, एक्केचाळीस बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, निस्तरायच्या, मग मी सुटले.

आईला काम समजावलं ते असं: काळा पडदा असतो. त्यावर तू हुकूम लिहितेस. शेल नावाचा प्रोग्राम तो वाचतो, चालवतो आणि पुढच्या हुकमाची वाट बघतो. जगातला सगळ्यात आज्ञाधारक नोकर. आई म्हणाली, मग त्यात बिघडतं काय? बिघडतं हे की चांगले डझनभर शेल जगात फुकट मिळतात आणि आरोंद्याच्या या शहाण्यांनी किराणा दुकानाच्या माडीवर बसून स्वतःचा लिहिलाय. नाव 'गाराणं'. आजूबाजूचे बर्फाचे कारखाने, काजूचे बॉयलर, कोळंबीच्या तळ्यांचे पंप त्यावर चालतात. इथून हुकूम द्यायचा, तिथे पंप सुरू.

लिहिणारे हरिश्चंद्र, सगळे त्यांना भाई म्हणतात. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, पांढरा शर्ट, हात थरथरतात. मला वाटलं पासवर्ड देतील. माणसाने माझ्या कॉम्प्युटरसमोर नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या [          ] पुण्यासून इला हा, ह्या चेडवान आमच्या कामाक हात लायल्यान हा, तेका यश दी. तेच्या तोंडातसून काय वाकडातिकडा गेला तर ता कानाआड कर रे म्हाराजा. आणि खालचा दुकानदार, त्याची बायको, ऑफिसातली किशोरी, सगळे एका सुरात: व्हय म्हाराजा! माझं तोंड त्यांना पहिल्याच दिवशी कसं कळलं कोण जाणे. हसू दाबून पोटात दुखलं.

रोजनिशी मी शेलमधेच लिहिते, कॉलेजपासूनची सवय. ओळीच्या सुरुवातीला हॅश, म्हणजे # ही खूण, टाकला की पुढचं शेल सोडून देतो, जगातला कुठलाही शेल. ती ओळ आपली खाजगी. वही कोणालाही सापडते, फोन कोणीही उघडतं. हॅशच्या मागे कोण बघायला जातंय?

म्हणून इथेच लिहून ठेवते. ती सिक्स सीटर परत कधी रस्त्यावर दिसू नये. आणि मी इथून जाईन त्या दिवशी माझं नावनिशाण इथे उरू नये.

# ७ जानेवारी, मंगळवार

नऊ हजार ओळींचं कोड वाचतेय. वाचतेय म्हणजे चिखल तुडवतेय. एकेक फंक्शन भाजीच्या पिशवीसारखं, काहीही कोंबलेलं.

सगळ्यात विनोदी भाग म्हणजे होकार. तुम्ही हुकूम दिला की 'गाराणं' तो चालवत नाही. तो हुकूम दुसऱ्या खुर्चीच्या पडद्यावर जातो. तिथलं माणूस 'व्हय'चं बटण दाबतं, मग काम होतं. स्वतःच्या हुकमाला स्वतः व्हय म्हणता येत नाही. का? मी विचारलं तर भाई म्हणाले, एक माणूस चुकता गो, दोघां एकदम चुकनत नाय. म्हणजे देवळातलं गाऱ्हाणं यांनी कोडात उतरवलंय. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी व्हय म्हाराजा.

दुसऱ्या खुर्चीत बसते किशोरी. बी.एस्सी. झालीय, एकोणतीस वर्षांची, इथलीच. आठ तास व्हय म्हणायचा पगार घेते. पगारी नंदीबैल. आमच्या टेबलांच्या पाठी एकमेकींना लागून आहेत, त्यामुळे मला तिचा फक्त भांग दिसतो आणि बटणांचा आवाज येतो.

आणि शेलमधून बाहेर पडायचा हुकूम काय? 'येतंय'. कारण निघताना जातंय म्हणायचं नसतं! 'येतंय' लिहिलं की शेल तुम्हाला बाहेर सोडतो पण तुमची कामं चालू ठेवतो, माणूस परत येणार म्हणून. मी बग नोंदवला: बाहेर पडणे म्हणजे बाहेर पडणे. भाईंनी दहा मिनिटांत बंद केला. शेरा: बग नाय. असाच असता.

मी राहते सुगंधाकाकूंच्या मागच्या खोलीत. त्यांचा कोंबडा पहाटे चारला सुरू होतो तो दुपारपर्यंत. याचा आवाज कोणीतरी कायमचा बंद करा.

# १० जानेवारी, शुक्रवार

पहिला बग मारला. मराठीत लिहिताना एक अक्षर खोडलं की अर्धंच खोडलं जायचं, काना उडायचा आणि व्यंजन बसून राहायचं. सहा वर्षं यांनी तसंच चालवलं. मला दीड तास लागला. भाईंनी येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला, देवाने वरदान दिल्यासारखा. शी.

एक गंमत. किशोरी सकाळी नऊला येते आणि आल्या आल्या एकच बटण बडवते. ठक. थांबते. ठक. थांबते. आज सहा वेळा. मला वाटतं कीबोर्ड झटकत असावी. विचारलं तर म्हणाली, कालचा राहिलेला काम. तुझं कसलं डोंबलाचं काम राहतंय बाई?

दुसरा बग नोंदवला: दुसऱ्या खुर्चीने 'नाय' म्हटलेला हुकूम मरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला परत विचारला जातो. रोज. होकार मिळेपर्यंत. भाईंचा शेरा: बग नाय. मागणारो मागतच रवता, नाय म्हणणाऱ्यान जागा रवाक व्हया.

कविता करतोय म्हातारा.

# १५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. सुगंधाकाकूंनी तिळाचे लाडू दिले आणि त्याबरोबर दोन तास भाषण. सून कशी, नणंद कशी, गुडघे कसे, मी काळी का पडलेय, माझं लग्न का नाही. पुण्यातली चेडवां पेज खानत नाय म्हणान अशी सुकतत. हिच्या जिभेला एक दिवस सुट्टी मिळू दे. एकच कशाला, कायमची.

ऑफिसात भाईंनी माझं दोन दिवसांचं काम 'सुधारलं'. थरथरत्या हाताने चुकीच्या जागी एक कंस घातला आणि सगळं कोसळलं. वर मलाच म्हणाले, बघ गो काय झाला ता. त्या हातांतून कीबोर्ड काढून घ्या कोणीतरी. त्या हातांनी आता काही म्हणजे काही करू नये.

किशोरी आज आठ वेळा ठक ठक. वाढतंय. वेड लागणार मला.

# २१ जानेवारी, मंगळवार

इन्सुलीच्या बर्फवाल्याची तक्रार आली: हुकूम दिल्यावर शेल बारा सेकंद नुसता थांबतो. बारा सेकंद! मी मोजलं. त्यातली साडेअकरा सेकंद किशोरी. ती प्रत्येक ओळ ओठ हलवत वाचते, मग खिडकीबाहेर बघते, मग दाबते. या शेलमधला सगळ्यात मोठा बग त्या खुर्चीत डबा उघडून बसलाय.

डब्यातलं मलाही देते. आज घावणे आणि रस. रोज विचारते, जेवलंस गो? मी नीट उत्तरही देत नाही तरी विचारते. आज म्हणाली, [          ], तुका हय करमणा नाय ना? मी म्हटलं मस्त करमतंय. ती हसली. माझ्याकडे अशी बघत होती जणू माझी पत्रं वाचलीत हिने.

ही जन्मालाच आली नसती तर या ऑफिसला काय फरक पडला असता? शून्य. तसंच व्हायला हवं होतं खरं तर.

# २९ जानेवारी, बुधवार

किशोरी उद्यापासून मावसबहिणीच्या लग्नाला चालली, थेट मंगळवारी परत. खुर्चीत भाई बसणार. म्हणजे बारा सेकंदांची चाळीस होणार.

मी चार ओळी लिहिल्या. फक्त चार. दुसऱ्या खुर्चीकडून उत्तर यायची वाट बघायची नाही, आपणच तिच्या नावाने व्हय म्हणायचं. प्रत्येक हुकमाला, तत्काळ. तपासलं. बारा सेकंदांचं शून्य. एका माणसाची अख्खी नोकरी चार ओळींत मावली, आणि त्यातली एक ओळ नुसता कंस.

जाताना किशोरी माझ्यापाशी घुटमळली. म्हणाली, चार दिवस जरा सांभाळून लिही हां. मी म्हटलं, काय लिहू? तिने पिशवी उचलली. येतंय म्हणाली आणि गेली.

# ३० जानेवारी, गुरुवार

सकाळी साडेआठला चार ओळी चढवल्या. भाईंना सांगितलं नाही, निकाल बघून नाचतील आपोआप. नऊ वाजता माझ्या पडद्यावर एक ओळ उमटली:

रांगेत: २३. व्हय: २३.

तेवीस जुने हुकूम कोणाचे अडकले होते देव जाणे. सुटले बिचारे. बर्फवाल्याचा फोन आला, म्हणाला रॉकेट झाला मगे! भाई दुसऱ्या खुर्चीत बसून बटणाची वाट बघत होते. कोणी काही विचारेना म्हणून अकराला त्यांना डुलकी लागली. मी मुद्दाम उठवलं नाही. बघत राहिले. अप्रचलित माणूस असा दिसतो.

# ३१ जानेवारी, शुक्रवार

बांद्याला जायचं होतं. तिठ्यावर तासभर उभी, सिक्स सीटर नाही. दुकानदाराला विचारलं, गणपतची गाडी? म्हणाला, खंयची गाडी गो? गणपत समोरच होता, भाजीच्या टोपल्या मांडून. मी म्हटलं, गाडी कुठाय? तो हसला. म्हणाला आपण जन्मात गाडी चालवली नाही, सायकलसुद्धा येत नाही. बावीस वर्षं इथेच बसतो.

मी त्याच्या शेजारी बसून आलेय. त्याने गुटखा थुंकायला बाहेर मान काढली होती.

हे लोक नव्या माणसाची चेष्टा करतात. करा. मला हसू आलं नाही एवढंच.

# १ फेब्रुवारी, शनिवार

आठला जाग आली. आपोआप. महिन्यात पहिल्यांदा.

कोंबडा कुंपणाच्या दगडी गडग्यावर उभा होता. मान ताणून, चोच उघडून, छाती फुगवून. आवाज नाही. मिटली, परत उघडली. आवाज नाही. दहा मिनिटं बघत होते. तो आरवतच होता.

सुगंधाकाकू म्हणाल्या, तो मुकोच आसा, पिल्लू होतो तेव्हापासून.

# ३ फेब्रुवारी, सोमवार

काकू आज बोलत नाहीत. रुसल्यात असं वाटलं. पेजेचं ताट ठेवलं, मी मुद्दाम नणंदेचा विषय काढला. काकू तोंड हलवतात, जीभ हलत नाही. स्वतःच्या गळ्याला हात लावून बघत होत्या. मला बघून हसल्या. हातानेच सांगितलं, पेज खा.

शेजारीण म्हणाली, ता बोलणा नाय, जन्मापासून. तुका म्हायत नाय? महिनो झालो रवतंस.

ऑफिसात पळत आले. रांग उघडली. कधी उघडलीच नव्हती, कारण माझ्या लेखी दुसरी खुर्ची म्हणजे कचरा होता. पडद्यावर हे आलं:

[१] झालं — ती सिक्स सीटर परत कधी रस्त्यावर दिसू नये
[२] थांबलंय, माणूस जाईपर्यंत — माझं नावनिशाण इथे उरू नये
[३] झालं — याचा आवाज कोणीतरी कायमचा बंद करा
[९] झालं — हिच्या जिभेला एक दिवस सुट्टी, कायमची
[१०] चालू — त्या हातांनी आता काही म्हणजे काही करू नये

मधल्या किरकोळ. डास, पंखा, दुकानातलं रेडिओवरचं गाणं. सगळ्या माझ्या. सगळ्या हॅशच्या मागच्या.

खाली [२१]. तो मी वाचला नाही. मला पाठ आहे.

# ४ फेब्रुवारी, मंगळवार

भाईंचे हात थरथरत नाहीत. टेबलावर ठेवलेत, दोन हातमोजे ठेवावेत तसे. दुकानदाराच्या बायकोने चहा पाजला. ती म्हणते नेहमीच पाजते.

सांगितलं सगळं. भाई रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. म्हणाले, हुकूम मोठ्यान दिलो काय नि पुटपुटलो काय, ऐकणारो ऐकताच. म्हणून त्यांनी हॅशच्या मागचंही दुसऱ्या खुर्चीकडे पाठवायचं ठेवलंय. माणूस रागाने काय पुटपुटतो ते एका तरी माणसाने आधी वाचावं, आणि नाय म्हणावं. सहा वर्षं किशोरी तेच करते. या गावात ऑफिसला आलेल्या प्रत्येकाचं. ठक. ठक. ठक.

रोज सकाळी. माझ्या तेवीस ओळींना. एकेक वाचून.

चार ओळी काढून टाकल्या. उपयोग नाही. व्हय दिलेला परत घेऊक येणा नाय, भाई म्हणाले. ते कोडातही तसंच आहे, मीच शोधून बघितलं. मी त्यावर बग नोंदवला होता का? नोंदवायला हवा होता. सगळे नको तिथे नोंदवले.

दुपारी किशोरी आली. हातात लग्नाचे लाडू. पडदा बघितला आणि पिशवी खाली ठेवली. मी म्हटलं, तू हे सगळं वाचत होतीस, तुझ्याबद्दलचंसुद्धा, आणि मला घावणे देत होतीस? म्हणाली, माणूस रागान काय काय बोलता. सगळा थोडाच पुढे धाडूचा असता?

एवढंच. पगारी नंदीबैल, मी लिहिलं होतं.

[१०] झालं. [११] चालू.

# ५ फेब्रुवारी, बुधवार

वीज तोडली. परत आणली तर रांग तिथेच. फाइल खोडली, आहे. मला सगळे शेल येतात. मला सगळं येतं.

अकरा ते वीस काहीच नव्हतं. चहा गोड, रस्ता अरुंद. एकेक होऊन गेलं, गावाला कळलंसुद्धा नाही. मी केवढी फालतू रागावते. फालतू.

दुपारी [२१] चालू.

तिचा कप नाही. डब्याची जागा रिकामी. खाली दुकानदाराने तिला विचारलं, ताई तुमी खंयच्या? ती म्हणाली अरे मी किशोरी. तो हसला, तसा. गणपतसारखा.

भाईंना म्हटलं, किशोरी. भाई म्हणाले, खंयची किशोरी? आणि मग त्यांचं तोंड — त्यांना कळलं आपण काय बोललो ते. रडले. डोळे पुसायला हात उठत नाहीत.

ती घरी गेली नाही. आईने दार नाही उघडलं तर, म्हणाली. खुर्चीत बसलीय. माझ्या बाजूने भांग दिसायचा. आता भांगातून खिडकी दिसते. थोडी.

# ६ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं. ओळ आठ हजार तीनशे बारा. 'येतंय'च्या खाली दुसरा हुकूम आहे. 'जातंय'. भाईंचा शेरा: ह्या कोणी वापरूचा नाय.

'येतंय' म्हटलं तर कामं चालू राहतात. 'जातंय' म्हटलं की जाणाऱ्याची सगळी अर्धी कामं गळतात. झालेली नाही, चालू असलेली. [२१] अजून चालू आहे.

आणि [२] सुटतं. माणूस जाईपर्यंत थांबलंय ते. माझं नाव. माझं निशाण. खोली, आई, पुणे — कुठपर्यंत, माहीत नाही. 'इथे' असं लिहिलं होतं मी. शेलला इथे म्हणजे कुठे वाटतं, तपासलं नाही. वेळ नाही.

भाईंना सांगितलं. म्हणाले, नको गो. मी म्हटलं, नऊ हजार ओळींत एक कामाची निघाली, ती तरी वापरू द्या.

भांडले. कोणाशीतरी भांडले. बरं वाटलं.

अडचण एकच. 'जातंय'लाही होकार लागतो. दुसऱ्या खुर्चीचा. आणि तिथे तू.

तू नाय दाबशील. मला माहीत आहे. दिसत नसलेल्या बोटाने दाबशील. तेवीस ओळींना दाबलंस, या एका ओळीसाठी जागा सोडशील होय? म्हणून तुला खाली पाठवलंय, पाणी आण म्हटलं. तहान लागलीय म्हटलं. तू लगेच उठलीस. मूर्ख.

चार ओळी परत चढवल्या. शेवटच्या.

तुझ्या बाजूच्या नोंदीत हे राहील. तिथे नाव नसतं, फक्त आकडा. वर दोन शब्द जोडलेत, भांडणाचे. नाहीतर तू वाचणार नाहीस, रडत बसशील. आणि रडायला कोणासाठी, ते तर आठवणार नाही.

खुर्ची सोडू नकोस. कोणी पुण्याहून आलं आणि चार ओळी आणल्या, तर त्याला —

जिन्यावर पाय. तुझेच. ऐकू येतात अजून. बरं. म्हणजे अजून आहेस.

भांडं वाजतंय. थांब म्हणतेस. माझं नाव घेतेस, [          ], थांब गो —

बोलू नकोस. तू बोलशील त्याच्या आधी

> जातंय